कामाची तारीख आणि मालाची तारीख

संस्थेच्या नव्या वसतिगृहाच्या निमित्ताने ही स्मरणिका निघत असताना संपादक मंडळाने आमच्याकडे इमारतीच्या बांधकामाचा वृत्तान्त मागितला. देणगीदारांची यादी व समारंभांचे अहवाल या अंकात अन्यत्र आलेच आहेत. आम्ही येथे एकाच प्रश्नाचे उत्तर देऊ इच्छितो, कारण पालकांनी तो आम्हांला वारंवार विचारला: दहा महिन्यांत पुरी व्हावयाची इमारत बावीस महिने का चालली? पैसा कमी पडला असावा, असा बहुतेकांचा समज आहे. तो खरा नाही. पैसा होता. सिमेंट होते, सळई होती, माणसेही होती. ही सर्व एका दिवशी एका जागी मात्र नव्हती.

आम्ही इतिहासाचे शिक्षक. बांधकाम समितीचे चिटणीसपद आमच्याकडे आले ते बहुधा अक्षर बरे म्हणून. त्या अक्षरात आम्ही दोन गोष्टी नेमाने लिहिल्या. एक, कार्यालयाच्या भिंतीवर टांगलेला कामाचा तक्ता: पाया केव्हा, जोते केव्हा, कॉलम केव्हा, स्लॅब केव्हा. दुसरी, मालाची साठा नोंदवही: किती गोण्या आल्या, किती गेल्या, किती शिल्लक. दोन्हींच्या नोंदी चोख होत्या. हिशेबतपासनिसांनीही त्यांत खोट काढली नाही. परंतु तक्ता भिंतीवर आणि वही कपाटात, अशी दोघांची राहण्याची जागा वेगळी होती. दोन्ही शेजारी ठेवून कुणी वाचल्या नाहीत, आम्हीही नाही.

त्याचा परिणाम पहिल्या मजल्याच्या स्लॅबच्या वेळी दिसला. तक्त्याप्रमाणे तो एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पडावयाचा होता. मार्चमध्ये कुणीतरी सांगितले की नव्या आर्थिक वर्षात सिमेंटचा भाव वाढणार. समितीने तातडीने ४०० गोण्या घेतल्या आणि जुन्या वर्गखोलीत रचून ठेवल्या. त्या दिवशी आम्हांला आपल्या दूरदृष्टीचे कौतुकच वाटले. पुढे सळई आली. खडी आली. परंतु सेंट्रिंगच्या प्लेटा आणि टेकू ठेकेदाराच्या दुसऱ्या कामावर अडकले होते. ते मोकळे होऊन आले तेव्हा क्रश सँड नव्हती. ती आली तेव्हा लक्षात आले की स्लॅबमधून न्यावयाचे विजेचे पाइप, त्यांचे बेंड आणि पंख्यांचे हुक कुणी मागवलेच नाहीत. ते सामान नेरळच्या बाजारात एका सकाळी मिळण्याजोगे होते. पण मागवावयाचे कुणी हे ठरलेले नव्हते, त्यात पाच दिवस गेले. असे करीत मे महिना संपला. जूनच्या आरंभी वळवाच्या दोन सरी आल्या, आणि पाठोपाठ पाऊस लागला तो लागलाच. कर्जत तालुक्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हे भूगोलाच्या तासाला आपण शिकवतो. स्लॅब दसऱ्यानंतरवर गेला. ऑक्टोबरमध्ये जुनी वर्गखोली उघडली तेव्हा शंभराहून अधिक गोण्यांत सिमेंटचे दगड झाले होते. उरलेल्या सिमेंटच्या ताकदीची खात्री देण्यास कुणी तयार नव्हते. कॉलमच्या वर उभ्या राहिलेल्या सळया तांबड्या पडल्या होत्या.

या साऱ्यात अप्रामाणिक कुणीच नव्हते, आणि आळशी तर मुळीच नव्हते. चूक कोठे झाली हे समजून घेण्यास आम्हांला वर्ष लागले.

ती अशी. बांधकामातील प्रत्येक जिन्नस स्वतःचे एक घड्याळ घेऊन येतो. सिमेंटचे घड्याळ कारखान्यात गोणी भरली जाते त्या दिवशीच सुरू होते. हवेतील ओलावा गोणीच्या विणीतून आत शिरतो आणि सिमेंट आतल्या आत थोडे थोडे मुरू लागते. चांगल्या कोरड्या गोदामातही तीन महिन्यांत त्याची सुमारे २० टक्के ताकद कमी होते आणि सहा महिन्यांत सुमारे ३० टक्के, असे बांधकामाच्या पाठ्यपुस्तकांत सांगितलेले असते. कोकणच्या पावसाळ्यात ओलावा अधिक, तेव्हा ऱ्हासही अधिक धरावा. म्हणून गोण्या जमिनीला टेकवू नयेत, फळ्यांवर रचाव्यात, भिंतीपासून सुट्या ठेवाव्यात, दहांपेक्षा उंच थर करू नये, आणि आधी आलेली गोणी आधी वापरावी, असा दंडक आहे. आम्ही फळ्या घातल्या होत्या. पण नव्या गोण्या पुढे रचल्या, त्यामुळे जुन्या भिंतीकडे अडकून पडल्या.

त्याच सिमेंटमध्ये पाणी मिसळले की दुसरे घड्याळ सुरू होते, आणि ते महिन्यांचे नसून मिनिटांचे असते. साध्या सिमेंटचा घट्ट होण्याचा आरंभ अर्ध्या तासापूर्वी होता कामा नये, असे मानक सांगते. याचा अर्थ कामाला हाताशी असलेला वेळ फार थोडा. रेडीमिक्स काँक्रीट मागवले तर प्लांटवर गाडी भरल्यापासून साधारण दोन तासांच्या आत ते ओतून व्हावे लागते. रविवारी सायंकाळी नेरळच्या बाजूने येणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांत तो ट्रक सापडला तर काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

विटांचे घड्याळ ऋतूंचे आहे. आपल्या भागातील वीटभट्ट्या दिवाळीनंतर लागतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर बंद होतात. आपल्या वसतिगृहातील कितीतरी मुलामुलींचे आईवडील त्याच महिन्यांत उचल घेऊन भट्टीवर गेलेले असतात, म्हणून हे वेळापत्रक शाळेला हजेरीपटावरूनही कळते. वाळूचे घड्याळ बरेचसे सरकारी आहे. नदीच्या वाळूवर निर्बंध आल्यापासून क्रश सँड वापरात आली; तिलाही क्रशरची पाळी, वाहतुकीचा परवाना आणि डंपर या तीन गोष्टी जुळाव्या लागतात. सळई जालन्याकडून येवो की आणखी कोठून, ती महिनाभर थांबू शकते, पण उघड्या पावसात नव्हे. पाणी हा जिन्नस मानण्याची आपल्याला सवय नाही, आणि एप्रिल-मे मध्ये तोच सर्वांत आधी संपतो.

आता एक लहानसा हिशेब मांडून पाहू. १००० चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा स्लॅब घ्या. तुळया सोडून द्या. काँक्रीट भरते सुमारे ११.८ घनमीटर. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी असे नेहमीचे प्रमाण धरले तर घनमीटरला आठ गोण्या या बेताने सिमेंट लागते ९४ गोण्या. वाळू पावणेदोन ते दोन ब्रास. खडी साडेतीन ब्रासच्या वर. सळई सुमारे एक टन. कालवण्यास पाणी सव्वादोन ते अडीच हजार लिटर. त्यानंतर स्लॅबवर पाणी बांधून ठेवावे लागते ते निराळेच: साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, राखमिश्रित सिमेंटला किमान १०. ही यादी कोणताही अभियंता पाच मिनिटांत करून देतो, आणि आमच्याकडेही ती होती. तिच्यात आकडे होते, तारखा नव्हत्या.

तारखा उलट्या क्रमाने मांडाव्या लागतात. स्लॅब २० एप्रिलला ओतावयाचा ठरला, तर आदल्या दिवशी अभियंत्याने सळई तपासलेली हवी. तपासणीपूर्वी विजेचे पाइप टाकून व्हावेत. त्यापूर्वी सळई बांधण्यास चार दिवस. त्यापूर्वी सेंट्रिंगला सहा-सात दिवस. म्हणजे प्लेटा आणि टेकू ८ एप्रिलच्या सुमारास आवारात उतरलेले हवेत, सळई १४ तारखेला, पाइप १७ तारखेला, वाळू-खडी १८ तारखेला, आणि सिमेंट १८-१९ तारखेला, मार्चमध्ये नव्हे. आता प्रत्येक तारखेच्या मागे आणखी किती दिवस जावे तेही पाहा. दुकानदाराला सांगितल्यापासून माल दारात उतरेपर्यंतचा अवधी जिन्नसागणिक वेगळा असतो. सळईला आठवडा धरावा. दुसऱ्या कामावरच्या सेंट्रिंगला ते काम सुटेपर्यंत. खिडक्यांच्या चौकटींना तीन आठवडे. तेव्हा सांगावयाची तारीख वेगळी, उतरावयाची वेगळी आणि वापरावयाची वेगळी. या तीन तारखा एका ओळीत लिहिल्या की काम आणि माल यांची गाठ पडते. आमच्या तक्त्यात फक्त तिसरी होती, वहीत फक्त दुसरी, आणि पहिली कुणाच्याही खिशात नव्हती.

सेंट्रिंगविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण सर्वाधिक घोळ तेथेच होतो. ते विकत घेण्याचे साहित्य नसते, भाड्याचे असते, आणि स्लॅब ओतल्याबरोबर मोकळेही होत नाही. भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्यांचे १४ दिवस, सहा मीटरपर्यंतच्या तुळयांचे १४ दिवस आणि त्याहून लांब तुळयांचे २१ दिवस ठेवावे लागतात. ठेकेदाराकडे एकच संच असेल आणि त्याची तीन कामे चालू असतील, तर आपल्या स्लॅबची तारीख खरे पाहता दुसऱ्या कुणाच्या तरी तुळईवर ठरत असते. ही गोष्ट करारापूर्वी विचारावयाची असते. आम्ही ती जून महिन्यात विचारली.

या गणिताला जगात नाव मिळाले ते १९५७ च्या सुमारास. अमेरिकेतील ड्यूपाँ या रसायन कंपनीतील मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी मोठ्या कामांच्या वेळापत्रकासाठी क्रिटिकल पाथ ही पद्धत बसवली. कामांची साखळी काढावयाची, कोणते काम कोणत्या कामावाचून अडते ते पाहावयाचे, आणि जी साखळी सर्वांत लांब तीच इमारतीचा कालावधी ठरवते. त्या साखळीतील कामाला एक दिवस उशीर झाला की इमारतीला एक दिवस उशीर होतो. साखळीबाहेरच्या कामाला थोडी सैल मिळते: खिडकीची चौकट पंधरा दिवस उशिरा आली तर गिलावा दुसऱ्या भिंतीपासून सुरू करता येतो. ही पद्धत आज प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतात. तिच्या साध्या रूपात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे काम सुरू करण्याच्या दिवशी माल हजर असेलच. प्रत्यक्षात काम सहसा तेथेच अडते.

मालाच्या बाजूनेही एक शास्त्र आहे, आणि त्याचाही असाच एक आंधळा कोपरा आहे. गोदामाची माणसे किमतीप्रमाणे मालाचे अ, ब, क असे वर्ग करतात. सळई, सिमेंट ‘अ’ वर्गात. त्यांवर कडक लक्ष. खिळे, तार, कव्हर ब्लॉक ‘क’ वर्गात. त्यांकडे सैल नजर. पैशाच्या दृष्टीने हे बरोबर आहे. वेळापत्रकाला मात्र किंमत कळत नाही. बाइंडिंग तारेची दोन बंडले नसतील तर एक टन सळई बांधली जात नाही. आमचा लाखोंचा स्लॅब पंख्याच्या हुकांसाठी थांबला. तेव्हा ‘किती रुपयांचे’ या प्रश्नाबरोबर ‘हे नसेल तर काय थांबेल’ हा प्रश्नही प्रत्येक जिन्नसापुढे लिहावयास हवा, असे आमचे मत झाले आहे.

दोन्ही बाजू एकत्र नांदल्याचे प्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीचे. मार्च १९३० मध्ये बांधकाम सुरू झाले आणि १ मे १९३१ रोजी १०२ मजल्यांच्या इमारतीचे उद्घाटनही झाले. गजबजलेल्या रस्त्यावर माल साठवावयास जागाच नव्हती. म्हणून रोजच्या ट्रकांचे छापील वेळापत्रक असे, आणि प्रत्येक मजल्यावर रूळ टाकून ढकलगाड्यांनी माल थेट कामाच्या जागी नेला जाई. साठा नाही म्हणून शिस्त आली, असे म्हणता येईल. पुढे जपानच्या टोयोटा कारखान्यात ताईची ओनो यांनी गरजेपुरता माल गरजेच्या वेळी आणण्याचे तत्त्व पुरते विकसित केले. ते वाचून आम्हीही काही काळ भारावलो होतो. परंतु कळंबला ते जसेच्या तसे चालणार नाही. पावसाळ्यात रस्ता खचला, पुलावरून पाणी गेले, क्रशर बंद पडला, तर ‘गरजेच्या वेळी’ काहीच येत नाही. येथे काही जिन्नस वेळेवर आणावे लागतात आणि काही आगाऊ साठवावे लागतात. खडी साठवावी, ती सडत नाही. विटा मे महिन्यात घेऊन झाकून ठेवाव्यात. सिमेंट मात्र कधीही पंधरा दिवसांच्या गरजेपेक्षा जास्त घेऊ नये, भाव वाढणार असला तरी.

ही पारख आपल्या आवारात आधीपासूनच होती, हे आम्हांला उशिरा उमगले. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तांदूळ हंगामात घेतला जातो, डाळ महिन्याची, भाजी आठवड्याच्या बाजाराला, दूध रोजचे. आठवड्याचा भोजन तक्ता आणि कोठीची वही स्वयंपाकीण मावशी एकत्र पाहतात. बुधवारी उसळ असेल तर सोमवारी रात्री मटकी भिजते, कारण तिला मोड यावयास वेळ लागतो. वापरावयाची, उतरावयाची आणि सांगावयाची तारीख त्यांना कुणी शिकवली नाही. बांधकाम समितीत त्यांना घ्यावे, असे आम्ही एकदा सभेत म्हटले, सभासद हसले. आम्ही विनोदाने बोललो नव्हतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या विषयाचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या उंबऱ्याशीच सापडते. कर्जतहून पुण्याकडे जाणारी गाडी ज्या बोरघाटातून चढते तो रेल्वेमार्ग जानेवारी १८५६ मध्ये बांधावयास घेतला. जवळजवळ १६ मैलांत १८३१ फूट चढ, २५ बोगदे, ८ मोठे कमानी पूल. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली, पहिले ठेकेदार विल्यम फॅव्हिएल. डायनामाइटचे पेटंट व्हावयास अजून अकरा वर्षे होती. कातळ फोडला गेला तो हाताने भोके पाडून त्यांत सुरुंगाची दारू ठासून. खालच्या अंगाने आगगाडी १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आली आणि वरच्या अंगाने १८५८ मध्ये खंडाळ्याहून पुण्यास धावू लागली. माल दोन्ही टोकांशी पोहोचत होता आणि काम मधल्या कड्यावर होते. कामाचा काळ पावसाळ्यानंतरचे सात-आठ महिने. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडी माणसे पांगत आणि पुढल्या हंगामाला नव्याने जमवावी लागत. १८६१ मध्ये ही संख्या ४२,००० वर गेली होती. एवढ्या माणसांचे धान्य, पाणी, अवजारे, दारूगोळा, चुना, आणि मजुरीचे नाणे, हे सारे त्या त्या आठवड्यात त्या त्या बोगद्याच्या तोंडाशी पोहोचले पाहिजे. उन्हाळ्यात घाटात पाणी किती मिळते हे आपल्या भागातील कुणास सांगावयास नको.

यातील मजुरीचे नाणे हाही वेळेवर यावयाचा जिन्नसच होता. जानेवारी १८५९ मध्ये मजुरीच्या तक्रारीवरून मजुरांनी उठाव केला, आणि काही आठवड्यांत फॅव्हिएल यांनी ठेका सोडला. पुढचे ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी येथे आले आणि अल्पावधीतच मरण पावले. ठेका त्यांच्या पत्नी अॅलिस ट्रेडवेल यांनी पुढे चालवला. अॅडम्सन व क्लाउझर या अनुभवी अभियंत्यांच्या हाती व्यवस्थापन देऊन त्यांनी काम तडीस नेले. घाट १८६३ मध्ये सुरू झाला. शालेय पुस्तकांत बोगद्यांची संख्या असते. हा ठेका एका स्त्रीने पुरा केला हे क्वचित असते, आणि ४२,००० माणसांपैकी एकाचेही नाव नसते.

घाट सुरू झाल्यावर चार वर्षांनी, जुलै १८६७ मध्ये, त्यावरील मऊकी मळी नावाचा दगडी कमानींचा पूल ढासळला. त्यानंतर कंपनीच्या मार्गावरील अनेक पुलांचे दगडकाम तपासावे लागले, पुष्कळसे दुरुस्त करावे लागले. हंगाम संपण्यापूर्वी काम उरकण्याची घाई आणि चुन्याला मुरावयास लागणारा वेळ यांची जुंपली म्हणजे काय होते, त्याचा हा नमुना असावा, असा आमचा तर्क आहे. चुन्यालाही स्वतःचे घड्याळ असते. आम्हीही ऑक्टोबरमध्ये, स्लॅब लवकर पडावा म्हणून, गाठी फोडून ते जुने सिमेंट वापरण्याच्या विचारात होतो. अभियंत्यांनी नकार दिला. त्या स्लॅबखाली आज साठ मुली झोपतात.

आता ज्या एका सकाळसाठी हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे येतो. त्या एप्रिलमधील एक दिवस. साडेआठ वाजले होते. आवाराच्या फाटकाशी सात-आठ बिगारी स्त्री-पुरुष थांबले होते, वाडीवरून दीड तास चालत आलेले. मुकादमाने सांगितले, “वाळू नाय आली. उद्या या.” सर्व मुकाट्याने वळले. त्यांत आमच्याच पाचवीतील एका मुलीची आई होती. तिने आम्हांला पाहिले आणि विचारले, “गुरुजी, आज पण नाय का?” त्या ‘पण’ने आम्ही चमकलो. हजेरीपत्रक काढून पाहिले. त्या महिन्यात अशी नऊ दिवस माणसे परत गेली होती. आमच्या साठा वहीत त्या नऊ दिवसांपुढे ‘आवक निरंक’ असे सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते.

उशिराचा खर्च आपण सिमेंटच्या गोण्यांत मोजतो. त्याचा मोठा भाग ज्याच्या हातात काहीच नसते त्याच्या पदरातून जातो आणि कोणत्याही वहीत चढत नाही. कायदा याबाबतीत मुका नाही. किमान वेतन कायदा १९४८ चा. त्याचे विधेयक ११ एप्रिल १९४६ रोजी केंद्रीय विधिमंडळात मांडले गेले तेव्हा मजूर खात्याचे मंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्या कायद्याच्या पंधराव्या कलमाचा आशय असा होता की कामगाराने ठरल्या दिवसापेक्षा कमी वेळ काम केले, आणि त्याचे कारण त्याची अनिच्छा नसेल, तर त्याला पुऱ्या दिवसाचे वेतन मिळावे. २०१९ च्या वेतन संहितेतही ही तरतूद आहे. बाबासाहेबांचे छायाचित्र आमच्या कार्यालयात आहे, त्याच भिंतीवर तो तक्ता टांगलेला होता. समितीच्या पुढल्या सभेत नऊ दिवसांची मजुरी देण्याचा ठराव झाला. ‘ठेकेदाराची माणसे आहेत, आपला संबंध काय,’ असा प्रश्नही सभेत आला, हे वृत्तान्त खरा राहावा म्हणून नमूद करतो.

त्यानंतर तक्ता भिंतीवरून उतरवला आणि एकच नवी वही घातली. आडव्या ओळीत काम. त्यापुढे लागणारा माल, सांगावयाची तारीख, उतरावयाची तारीख, वापरावयाची तारीख, जबाबदार माणूस. शेवटच्या रकान्यात त्या दिवशी बोलावलेली माणसे. दर शनिवारी दुपारी ठेकेदार, मुकादम, अभियंता आणि आम्ही पुढच्या तीन आठवड्यांच्या ओळी मोठ्याने वाचत असू. ज्या ओळीतील माल उतरलेला किंवा पक्का नाही, तिच्या शेवटच्या रकान्यात आकडा घालावयाचा नाही, हा एकच नियम. मुकादमाला प्रथम हा शाळामास्तरी सोपस्कार वाटला. तिसऱ्या शनिवारी त्यानेच सांगितले की पुढल्या बुधवारी क्रशर बंद आहे, वाळू सोमवारीच उतरवून घ्या. ही माहिती त्याच्याकडे पूर्वीही असे. विचारणारे कुणी नव्हते.

दुसऱ्या मजल्याचा स्लॅब ठरल्या तारखेनंतर दोन दिवसांनी पडला. ते दोन दिवस टँकर न आल्यामुळे गेले, आणि चूक आमची, कारण पाण्याची ओळच वहीत घातली नव्हती. आता ती घातली आहे. माणसे त्या काळात एकदाच परत गेली, आणि त्या दिवसाची मजुरी दुपारपूर्वी दिली गेली.

यंदा भोजनगृहाचे काम काढावयाचे आहे. भट्ट्या दिवाळीनंतर लागतील, पहिली भाजलेली वीट डिसेंबरअखेर हाती येईल. त्या हिशेबाने जोते नोव्हेंबरमध्ये धरले आहे. सेंट्रिंगचा संच कोणाकडे अडकलेला आहे ते या वेळी आधी विचारून घेतले: मुरबाडच्या बाजूला एका कामावर, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. वहीच्या पहिल्या पानावर सात ओळी भरल्या आहेत. आठवी पाण्याची आहे. टँकरवाल्याने अजून तारीख दिलेली नाही, म्हणून तिचा शेवटचा रकाना कोरा आहे.